वजन, पट्टी, घड्याळ : मातीची प्रयोगशाळा कमी पैशांत

माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेतलं कुठलंही जुनं उपकरण घ्या. रंग, पितळी पाटी आणि कंपनीचं नाव बाजूला काढलं की आत बहुधा एक वजन, एक पट्टी आणि एक घड्याळ एवढंच उरतं. ठरलेलं वजन ठरलेल्या उंचीवरून पडतं, पाणी ठरलेल्या जाडीच्या मातीतून झिरपतं, टोकदार शंकू ठरलेल्या वेळात किती रुतला ते आपण मोजतो. बाकीचा सांगाडा त्या दोन-तीन आकड्यांना धरून ठेवायला असतो. सांगाडा लाकडाचा करा, भंगारातल्या पाइपाचा करा, चालतो. आकडे मात्र चुकून चालत नाहीत. कमी खर्चात उपकरणं करायची म्हणजे कुठला आकडा जिवापाड जपायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे ओळखायचं.

सोलापुरात या कामाला दोन गोष्टी आयत्या आहेत. एक म्हणजे यंत्रमागाच्या सुट्या भागांवर पोसलेली लेथची दुकानं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक कारागीर तिथे बोटाने सांगतो. दुसरी म्हणजे माती. बेसाल्ट झिजून झालेल्या इथल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं. याच गुणावर पाऊस सरल्यानंतरही नुसत्या ओलीवर मालदांडी ज्वारी उभी राहते, आणि याच गुणापायी घराच्या जोत्याला तडा जातो, पावसाळ्यात दार चौकटीत अडकतं. जुन्या लोकांनी वस्ती पांढरीवर आणि शेती काळीवर ठेवली होती. घरं काळीवर चढू लागली तेव्हा हे दुखणं सुरू झालं. तेव्हा इथल्या विद्यार्थ्याला आधी फुगणं आणि आकसणं मोजता आलं पाहिजे. योगायोग असा की नेमक्या याच चाचण्या सगळ्यात स्वस्त आहेत.

फ्री स्वेलपासून, म्हणजे मोकळी माती पाण्यात किती फुगते या चाचणीपासून, सुरुवात करावी. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, ओव्हनमध्ये वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. काचेच्या कांडीने हलक्या हाताने ढवळून बुडबुडे काढायचे आणि चोवीस तास हात लावायचा नाही. पाण्याचा रेणू एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण असतो, म्हणून तो मातीच्या ऋणभारित पापुद्र्यांमध्ये घुसतो आणि त्यांना एकमेकांपासून लांब सारतो. रॉकेलच्या रेणूला अशी टोकं नसल्यामुळे तिथली माती होती तेवढीच राहते. समजा, रॉकेलमध्ये मातीचा थर १० मिलीवर बसला आणि पाण्यात २० मिलीवर, तर फुगवटा १०० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नाही. शंभरीच्या पुढे गेला की पाया जपून घ्यायचा.

मोजनळी महाग वाटली तर सरळ भिंतीची उभी पारदर्शक बाटली चालते, पण तिच्यावरच्या खुणा आपल्या आपण करायच्या. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणायची, एकेक सिरिंज पाणी ओतत जायचं आणि मार्करने रेघ मारत जायचं. बाटलीचा आकार कसाही असो, खुणा खऱ्या ठरतात. रेशनचं रॉकेल आता सहजी मिळत नाही, ही अडचण मात्र आहे. पण एका वर्गाला अर्धा-पाऊण लिटर पुष्कळ होतं, आणि माती बसल्यावर वरचं रॉकेल गाळून पुन्हा वापरता येतं.

आकसणं मोजायला पुस्तकातली श्रिंकेज लिमिटची चाचणी पाऱ्यावर चालते. ती वर्गात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पारा सांडतो, फरशीच्या सांध्यात जातो आणि त्याची वाफ वर्षानुवर्षं खोलीत राहते. त्याऐवजी रेषीय आकुंचन मोजावं. त्याला लागतो १४० मिमी लांबीचा आणि २५ मिमी आतल्या व्यासाचा, उभा चिरलेला अर्धा पाइप, दोन्ही टोकं बंद केलेला. आतून तेलाचा हात फिरवायचा, लिक्विड लिमिटच्या आसपास, म्हणजे वाहायच्या बेताला येईल इतकी सैल कालवलेली माती भरायची आणि वाळू द्यायची. वाळलेली पट्टी ११७ मिमी भरली तर आकुंचन साडेसोळा टक्क्यांच्या जवळ आलं.

इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. पहिली म्हणजे ऊन. एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हात साचा ठेवला तर वरचा पापुद्रा आधी वाळतो, पट्टी धनुष्यासारखी वाकते किंवा मधोमध तुटते. म्हणून पहिला दिवस सावलीत. दुसरी म्हणजे साचा कशाचा. इलेक्ट्रिकच्या दुकानातला पीव्हीसी पाइप स्वस्त आणि कापायला सोपा, पण १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये तो मऊ होऊन आकार सोडतो. मातीची पट्टी कडेपासून सुटली की ती अलगद काढून स्टीलच्या ताटलीत ओव्हनला लावायची. नाहीतर सरळ जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप चिरून घ्यावा, म्हणजे हा प्रश्नच राहत नाही.

आता लिक्विड लिमिट. मातीत पाणी किती झालं की ती आकार सोडून वाहायच्या बेताला येते, हे सांगणारा हा आकडा. या मर्यादांची कल्पना स्वीडनच्या अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये मांडली आणि आर्थर कॅसाग्रांड यांनी १९३२ मध्ये त्यासाठीचं यंत्र पक्कं केलं. पितळी वाटी १० मिमी उचलली जाऊन रबरी पाटावर आपटते. मातीत पाडलेली चर २५ ठोक्यांत मिटली तर त्या वेळचा ओलावा म्हणजे लिक्विड लिमिट. हे यंत्र सोलापुरात करून घेणं अवघड नाही. वाटी उचलणारा भाग म्हणजे एक कॅम, फिरता फिरता वाटी उचलून सोडून देणारं उंचवट्याचं चाक, आणि मागाच्या टॅपेटवर (मागातल्या अशाच चाकांवर) आयुष्य काढलेल्या कारागिराला कॅम समजावून सांगावा लागत नाही. तरीही मी ते करून घेण्याच्या विरोधात आहे. अडचण कॅमची नाही, पाटाची आहे. पाटाचं रबर किती कडक, यावर ठोक्याची ताकद ठरते. पाट बदलला की तीच माती वेगळा आकडा देते. घरगुती लाकडी पाट किंवा टायरचा तुकडा लावून केलेलं यंत्र दिसायला हुबेहूब आणि उत्तराला भलतंच, असं होतं.

त्यापेक्षा शंकू करावा. स्टेनलेस स्टीलचा, टोकाशी ३० अंशांचा कोन असलेला शंकू लेथवर काढून घ्यायचा. दांडीसकट त्याचं वजन बरोबर ८० ग्रॅम हवं. जास्त भरलं तर दांडीला मागून भोक पाडून कमी करता येतं. ५५ मिमी व्यासाच्या आणि ४० मिमी खोल वाटीत कालवलेली माती दाबून भरायची, शंकूचं टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवायचं, सोडायचं, पाच सेकंदांनी किती रुतला ते मोजायचं. ज्या ओलाव्याला तो २० मिमी रुततो, ती लिक्विड लिमिट. तेव्हाची माती कणकेहून सैल आणि भज्याच्या पिठाहून घट्ट असते. नेमके २० मिमी पहिल्या फटक्यात कुणालाच साधत नाहीत. चार वेगवेगळ्या ओलाव्यांना रुत मोजून आलेख काढायचा आणि २० वरचा ओलावा वाचायचा.

यात जपायचे आकडे तीनच : कोन, वजन, पाच सेकंद. स्टँड लाकडी फळीचा असला आणि दांडी हाताने सोडली तरी चालतं, फक्त सोडताना धक्का नको. शंकूला गंज किंवा ओरखडा नको, कारण खरबरीत शंकू कमी रुततो. टोक झिजलं की नाही हे बघायची एक जुनी, छान युक्ती आहे. पावणेदोन मिमी जाड पत्र्याला दीड मिमीचं भोक पाडायचं, त्यात शंकू घालायचा आणि पलीकडून बोट फिरवायचं. टोक बोटाला लागलं तर ठीक. नाही लागलं तर शंकू पुन्हा लेथवर.

प्लॅस्टिक लिमिटला, म्हणजे मातीची ३ मिमी जाड वळी वळताना तुटू लागते तो ओलावा काढायला, तर काचेचा तुकडा आणि ३ मिमीची एक सळई एवढंच लागतं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही. हाताला सवय लागते.

पाणी किती झिरपतं हे मोजताना गंमत येते, आणि घोळही इथेच होतात. फ्रान्सच्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेल्या आँरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या स्तंभातून पाणी सोडून नियम मांडला : पाण्याची उंची दुप्पट केली तर झिरपणंही दुप्पट, वाळूची लांबी दुप्पट केली तर झिरपणं निम्मं. हा प्रयोग प्लंबिंगच्या पाइपच्या तुकड्यात होतो. तळाशी बारीक जाळी, वर वाळू, वरच्या बाजूला ओव्हरफ्लोचं भोक, म्हणजे नळ चालू असला तरी पाण्याची पातळी तीच राहते. समजा, पाइपचं आतलं क्षेत्रफळ ३८.५ चौ. सेमी, वाळूचा स्तंभ १० सेमी, पाण्याच्या पातळीतला फरक २० सेमी, आणि एका मिनिटात भांड्यात ४६ मिली पाणी जमलं. ४६ गुणिले १०, भागिले ३८.५, २० आणि ६० यांचा गुणाकार. उत्तर, म्हणजे वाळूच्या पाझरक्षमतेचा आकडा, सेकंदाला ०.०१ सेमी. सीना-भीमेच्या पात्रातल्या स्वच्छ वाळूचा आकडा याच्या आगेमागे आला तर नवल वाटायला नको. वाळू कोरडी भरून वरून पाणी ओतू नये, आत हवा अडकते आणि झिरपणं कमी दिसतं. पाणी खालून हळूहळू वर चढवत वाळू भिजवावी.

मग विद्यार्थी उत्साहाने त्याच पाइपात काळी माती भरतात. चिकणमातीचा आकडा सेकंदाला ०.०००००००१ ते ०.०००००१ सेमी अशा पल्ल्यात असतो. मधला, म्हणजे ०.०००००१ चा दहावा हिस्सा धरला तरी वरच्या पाइपातून दिवसाकाठी जेमतेम ०.६७ मिली पाणी खाली येईल. उन्हाळ्यात तेवढं तर भांड्यातून उडून जातं! माती अजिबात पाणी सोडत नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा असतो. अशा मातीला पडत्या पातळीची पद्धत लावायची : नमुन्यावर सलाइनची बारीक पारदर्शक नळी उभी करायची, तिच्यातलं पाणी दिवसभरात किती उतरलं ते पट्टीवर वाचायचं, आणि वाफ होऊ नये म्हणून नळीत वरून तेलाचा एक थेंब सोडायचा. नळीचा व्यास पट्टीने मोजू नये. ४ मिमीच्या जागी ४.२ वाचलं की क्षेत्रफळ दहा टक्क्यांनी फुगतं. नळीत पाणी भरायचं, लांबी मोजायची, पाणी सोनाराच्या काट्यावर तोलायचं. एक ग्रॅम म्हणजे एक घनसेंटिमीटर. कडक उन्हाळ्यातही यात अर्ध्या-पाऊण टक्क्यापलीकडे फरक पडत नाही.

सगळ्यांत अवघड जाणारा विषय म्हणजे कन्सॉलिडेशन. ओल्या चिकणमातीवर इमारत उभी केली तर ती लगेच न खचता वर्षानुवर्षं हळूहळू का खचते? याचं उत्तर कार्ल तेरझागी यांनी इस्तंबूलमध्ये शिकवत असताना शोधलं आणि १९२५ च्या त्यांच्या ग्रंथात मांडलं. हा विषय जिथून सुरू झाला ती प्रयोगशाळा कॉलेजच्या भंगारातल्या वस्तू आणि सिगारची खोकी यांच्यावरच उभी राहिली होती. म्हणजे स्वस्त उपकरणं ही मागाहून केलेली तडजोड नाही, विषयाचा जन्मच त्यातला. आपल्या हिप्परग्याच्या एकरूख तलावाचा मातीचा बंधारा १८७१ चा. तो बांधणाऱ्यांच्या हाताशी तेरझागींचं हे उत्तर नव्हतं.

उत्तर असं की मातीवर पडलेलं ओझं सुरुवातीला कणांवर येतच नाही, कणांमध्ये कोंडलेल्या पाण्यावर येतं. पाणी वाट काढत बाहेर पडतं तसतसं ओझं कणांकडे जातं, आणि कणांकडे जाईल तेवढी माती दबते. फळ्यावर हे वाक्य वीस वेळा लिहिलं तरी उतरत नाही. सिरिंजने पाच मिनिटांत उतरतं.

५० मिलीची सिरिंज घ्या. तिच्या पोटात सैल बसेल अशी स्प्रिंग टाका. यंत्रमागाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पन्नास प्रकारच्या स्प्रिंगा असतात. हवा राहू न देता पाणी भरा. तोंडाला सलाइनची तीन तोंडांची तोटी लावा, तिच्या एका फाट्याला एक्स्टेंशन लाइनची बारीक नळी उभी बांधा, दुसऱ्याला इंजेक्शनची सुई. तोटी सुईकडे बंद ठेवून दट्ट्यावर अर्धा किलोचं वजन ठेवा. दट्ट्या जेमतेम हलतो, पण नळीतलं पाणी सरसर वर चढतं. सिरिंजचा आतला व्यास २.९ सेमी धरला तर हिशेबाने ते पाऊण मीटर चढायला हवं. रबराचं घर्षण आणि थोडी दबलेली स्प्रिंग आपापला वाटा घेतात, म्हणून कमीच चढेल. रबराला साबणाचं पाणी लावलं तर फरक घटतो. ही नळी जितकी बारीक तितकी बरी, कारण तिच्यात गेलेलं पाणीही दट्ट्याला खाली येऊ देतं. आता सुईकडची वाट उघडा. थेंब थेंब पाणी बाहेर पडतं, नळीतली पातळी उतरते, स्प्रिंग दबत जाते. शेवटी पाणी शांत आणि सगळं वजन स्प्रिंगवर. सुई काढून तोटी उघडली तर हेच सगळं क्षणात होतं. सुई लावलेली सिरिंज म्हणजे काळी माती, उघडी तोटी म्हणजे वाळू, आणि स्प्रिंग म्हणजे मातीचे कण.

हे पाहिल्यावर खरं यंत्र करायचं. ६० मिमी व्यासाची आणि २० मिमी उंच, आतून गुळगुळीत कडी लेथवर होते. तिच्या वर-खाली पाणी जाऊ देणाऱ्या सच्छिद्र चकत्या. चाळलेल्या जाड वाळूत थोडं इपॉक्सी मिसळून त्या घरी ओतता येतात. ओझ्यासाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा लिव्हर, एकास दहा. कडीचं क्षेत्रफळ २८.३ चौ. सेमी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलोचा दाब द्यायला दुसऱ्या टोकाला २.८३ किलो टांगावे लागतात. वजनं किराणा दुकानातली, वैधमापन खात्याच्या शिक्क्याची. लिव्हरचं स्वतःचं वजन मागच्या बाजूला लोखंड बांधून आधी तोलून घ्यायचं, नाहीतर पहिलीच पायरी चुकीच्या ओझ्याने सुरू होते. टांगलेल्या वजनांखाली विटांचा थर ठेवावा. दोरी तुटली तर पाय वाचतो.

इथून येणारा आकडा थेट शहराशी जोडता येतो. तेरझागींच्या हिशेबात लागणारा वेळ पाण्याला कापाव्या लागणाऱ्या अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. २० मिमीच्या नमुन्यात पाणी वर-खाली दोन्हीकडे जातं, म्हणजे वाट १० मिमीची. जमिनीत ४ मीटरचा तसाच थर असेल तर वाट २ मीटरची, दोनशे पट. वेळ चाळीस हजार पट. टेबलावर निम्मं दबायला दहा मिनिटं लागली, तर जमिनीत त्यालाच सुमारे २७८ दिवस लागतील. हा हिशेब स्वतःच्या हाताने केलेला विद्यार्थी बांधकामाच्या घाईकडे वेगळ्या नजरेने बघतो.

माती ठोकून किती घट्ट बसते हे मोजणाऱ्या प्रॉक्टर चाचणीचा साचा सोपा आहे : १०० मिमी आतल्या व्यासाचा पाइप १२७.३ मिमी उंचीवर कापला की बरोबर १००० घनसेंटिमीटर. २.६ किलोचा ठोकळा, ३१० मिमीची पड, तीन थर, प्रत्येकी २५ ठोके. ठोकळ्याच्या दांडीला बाहेरून पाइपचं वेष्टण दिलं की पड आपोआप सारखी राहते.

चाळण्यांच्या बाबतीत मात्र सोलापूरकर मोहात पडतो. कापडावर छपाई करणाऱ्यांकडे स्क्रीनची जाळी मिळते, आणि २०० नंबर म्हणजे ७५ मायक्रॉन हे गणित डोक्यात असतं. ते गणित चाळणीच्या तारेचं. छपाईच्या जाळीचा नंबर इंचाला किती धागे एवढंच सांगतो. धागा जाड की बारीक यावर भोक ठरतं. तीच जाळी वापरायची असेल तर आधी एका खऱ्या चाळणीतून गाळलेली वाळू तिच्यातून गाळून फरक बघावा. ४२५ आणि ७५ मायक्रॉनच्या दोन चाळण्या विकतच घ्याव्यात, असं मी सुचवेन. त्यांच्यासोबत ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि ०.०१ मिमीपर्यंत हालचाल दाखवणारा एक डायल गेज. एवढ्या चार वस्तूंवर पैसे खर्च करायला मागेपुढे बघू नये. घरी केलेल्या बाकी सगळ्याची परीक्षा यांच्यावरच व्हायची आहे.

परीक्षा अशी घ्यायची : एकाच पोत्यातली माती नीट मिसळून दोन वाटे करायचे. एक वाटा घरच्या उपकरणावर, दुसरा जवळच्या पॉलिटेक्निकमधल्या प्रमाणित उपकरणावर. एका मातीवर भागत नाही. शेतातली काळी, नदीकाठची गाळाची आणि मुरुमातून चाळलेली बारीक, अशा तीन तरी हव्यात. तिन्ही वेळा घरचा आकडा सारख्याच प्रमाणात वर किंवा खाली येत असेल तर उपकरण ठीक आहे, दुरुस्तीचा एक गुणक लावून चालवा. कधी वर, कधी खाली येत असेल तर गुणक शोधत बसू नका. कुठलातरी जपायचा आकडा सुटला आहे, तो शोधा. आणि प्रत्येक उपकरणावर रंगाने ठळक लिहून ठेवा : शिकवण्यासाठी. कुणी आपल्या प्लॉटची माती पिशवीत घेऊन आला आणि पायाचा अहवाल मागू लागला, तर त्याला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पत्ता द्यायचा.